प्रयोगशाळेत धूर

दिवे गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईच्या हातात निळ्या पाण्याची बाटली होती. बाई डॉक्टरीण फक्त मालिकेत. विज्ञानाशी तिचा शाळेतच काडीमोड झाला होता. तरी गेली कित्येक वर्षं ती याच लुटुपुटूच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून लोकांना हसवत होती.

आधी जळक्या वायरीचा वास आला, मग धूर. कोणीतरी ओरडलं, "आग लागलीय, पळा." अंधारात पावलं धडधडत लांब गेली.

बाई, प्रोफेसर आणि त्यांचा मदतनीस झालेला बुटका, तिघंही दाराकडे धावले. प्रत्येक भागात ते याच दारातून आत यायचे आणि याच दारातून बाहेर जायचे. या खोलीतून बाहेर पडायचं म्हणजे दार, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक होतं. प्रोफेसरांनी दार उघडलं. मागचा पडदा भडकला होता. त्यांनी दार धाडकन लावून घेतलं.

बुटक्याने खिडकी उघडली. बाहेर फळीवर रंगवलेलं आभाळ होतं. त्याने लाथा घातल्या, पण फळी ढिम्म हलेना.

"आता काय करायचं?" बुटका म्हणाला.

मालिकेत प्रोफेसरांना अडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "मला कुणी लिहून दिलं तरच सुचतं."

एरवी बाई खो खो हसली असती. आता तिला एकदम सासूबाई आठवल्या. म्हातारीला शूटिंग बघायला तिनेच आणलं होतं. त्या नको नको म्हणत होत्या, हिनेच हट्ट धरला. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्यांना कॅमेऱ्यांच्या मागे खुर्ची दिली होती. या धावपळीत त्यांना कुणी हात दिला असेल का? की तिथेच राहिल्या? नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? आपण तरी घरी पोचणार का?

तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला. तिघांनी निळ्या पाण्यात रुमाल भिजवून तोंडावर धरले आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. दाराच्या फटीत आता लाल उजेड दिसत होता. प्रोफेसर लहान मुलासारखे मुसमुसत होते. बाईने त्यांचा हात घट्ट धरला. तिघांचीही नजर त्या दारावरून हलत नव्हती.

"अगं, कुठे आहेस तू?"

बाई दचकली. सासूबाईंचा आवाज. भाजीवाल्याशी घासाघीस करताना असतो तसाच, वैतागलेला.

"आई, तुम्ही अजून इथेच? बाहेर पडा आधी," ती कशीबशी म्हणाली.

"पडले होते बाहेर. सगळे आले, तू आली नाहीस, म्हणून परत आले. आत बसून करताय काय?"

"दारात आग आहे, आई. खिडकीही नुसती रंगवलेली. आम्ही अडकलोय."

सासूबाई आणखीच वैतागल्या.

"शिकलेसवरलेले ना तुम्ही? मघापासून मी तुम्हाला कुठून बघत होते? इकडे या माझ्याकडे. या बाजूला भिंतच नाहीये."