डावा हात

“बाथरूममध्ये पाय घसरला हिचा,” नवरा म्हणाला. “चालताना लक्ष कुठे असतं कोण जाणे!”

खुर्चीत बसलेल्या तिने मान डोलावली. पुढचा दात अर्धा तुटला होता, ओठ सुजला होता. दातांच्या डॉक्टरबाईंनी तिचे तळवे उलटून पाहिले. पडणारा माणूस आधी हात टेकतो. हिच्या हातांवर साधा ओरखडाही नव्हता.

लहानपणी याच खुर्चीत बसता बसता ती असं भोकाड पसरायची, की बाहेरचे पेशंट चपला घालू लागायचे. डॉक्टरबाईंनी तिचं नावच ‘भोंगा’ ठेवलं होतं. “दुखलं की डावा हात वर कर, मी लगेच थांबते,” एवढं म्हणायचा अवकाश, हात वर! अजून आरसाही तोंडात गेलेला नसायचा. मग दोघी हसत सुटायच्या. काय दिवस होते ते! तिच्यासाठी छताला चिकटवलेले कागदी मासे अजून तिथेच होते, जरा विटले होते इतकंच.

आता डॉक्टरबाईंनी तुटक्या दाताला हलकेच आरसा टेकवला. तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. हात मात्र मांडीवरून हलला नाही. नवरा शेजारीच उभा होता.

“एक्सरे काढायचाय. तुम्ही बाहेर बसा.”

“थांबतो की इथेच.”

“एक्सरेला पेशंटशिवाय कुणी नको. नियम आहे.”

दार लागलं. डॉक्टरबाईंनी मशीनला हातही लावला नाही. हातमोजे काढून स्टूल ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भोंग्या, असं लागलेल्या प्रत्येक बाईला मी विचारते, तुलाही विचारते. नवरा मारतो का गं? तुझं बोलणं त्याच्या कानावर जाणार नाही. आणि पुढचं तू म्हणशील तसंच करू.”

ती छताकडे बघत राहिली. “मासे तेच आहेत, मावशी.”

डॉक्टरबाईंनीही वर माशांकडे पाहिलं.

तिचा डावा हात मांडीवरून हळूहळू वर आला. तोंडात ना आरसा होता, ना सुई.

डॉक्टरबाईंनी तो हात धरला. “आज घरी जायला भीती वाटतेय?”

“आज नाही. पण...”

दारावर टकटक झाली. “झालं का?”

“झालं आजचं,” डॉक्टरबाई मोठ्याने म्हणाल्या. हात त्यांनी अजून सोडला नव्हता. “पण या दाताला बऱ्याच खेपा लागतील. आणि दर खेपेला एक्सरे काढावा लागेल.”