ऐसपैस पिंजरा

"बिबट्याला बंगला बांधताय व्हय, आबा?" बांधावरून येता येताच शेजारच्या कोंडिबाने हाक दिली. "वनखात्याचा पिंजरा पेटीएवढा असतो. ह्यात तर लगीन लागंल!"

हौसराव तंबाखू मळत राहिले. शेजारी खंडू वेल्डर काच डोळ्यांपुढे धरून सळई जोडत होता.

हौसरावांची सून सायली जमिनीवर बसून टेपने अंतर मोजत होती. रांजणगावच्या कंपनीत ती रोबोटभोवतीच्या जाळ्यांचं डिझाइन करते. रोबोटचा हात कुठवर पोचतो ते आधी काढायचं. त्याला तेवढं मोकळं फिरू द्यायचं आणि त्यापलीकडे हद्द आखायची. त्या हद्दीमुळेच माणसं निर्धास्त वावरतात.

निमोण्यातल्या या घराच्या तिन्ही अंगांना ऊस होता. मागच्या महिन्यात बिबट्याने ओट्यावरून कुत्रं उचललं. तेव्हापासून सायलीची पाच वर्षांची मुलगी अपेक्षा शाळेतून आली की घरात. खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेर बघत बसायची, हळूहळू बोलायचीही कमी झाली. तिचा बाप रविराज दौंडला रेल्वेत होता. त्याने फोनवर सांगून टाकलं, "पोरीला इकडं क्वार्टरवर आणतो. रविवारी न्यायला येतोय."

त्या दिवसापासून तिची आजी, तुळजाबाई, तिला जवळून हलू देत नव्हत्या. नातीशिवायचं घर त्यांना ठाऊकच नव्हतं.

"खंडूभाऊ, एवढी फट नको," सायली म्हणाली. "पंजा आरपार जाईल. आणि वरूनही जाळी घ्या. तो चढतो."

"आन् उंची येवढीच ठेवू?"

"थोडी वाढवा. आभाळ दिसलं पाहिजे. कोंडल्यासारखं वाटता कामा नये."

"ऐका!" कोंडिबाने मांडीवर थाप मारली. "आत बांधणार काय, काकी? कोंबडी का शेळी?"

"शेळी तर बांधावीच लागंल," तुळजाबाई म्हणाल्या आणि मांडीवरच्या नातीच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या.

"आई, हिरवा रंग देऊ," अपेक्षा म्हणाली. "म्हंजी पिंजरा वाटणारच न्हाई."

"पोरगी हुशार हाय!" कोंडिबा हसत हसत गेला. "बिबट्या फसलाच म्हणून समजा."

शनिवारी दुपारी पिंजरा अंगणात उभा राहिला. हौसरावांनी चारी बाजूंनी खांदा लावून हलवून पाहिला.

"दणकट हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन बरं वाटत न्हाई बघ, सायली. जन्मात कुनाला कोंडलं न्हाई मी."

"हे कोंडणं नाही, आबा."

"मग काय म्हनायचं ह्याला?"

सायलीने हाताला लागलेला हिरवा रंग पदराच्या टोकाला पुसला.

दिवस कलला तशी तुळजाबाईंनी शेळी आत नेऊन बांधली. पुढ्यात पाला टाकला. मग चौघंही दम धरून बसली. अपेक्षा आईच्या कुशीत शिरली होती.

उसाची पाती हलली.

तो आला. घाई नव्हती त्याला. अंगण स्वतःचंच असल्यासारखा चालत आला, जाळीशी थांबला, हुंगलं. शेळी एकदाच ओरडली आणि अंग चोरून उभी राहिली. त्याने पंजा उचलून सळईवर टेकवला. सायली फटीकडे बघत राहिली. पंजा खाली आला. त्याने पिंजऱ्याला एक फेरी घातली, मग कंटाळल्यासारखा वळला आणि उसात शिरला.

उसाची पाती हलायची थांबली.

"गेला?" अपेक्षाने कानाशी विचारलं.

"गेला."

हौसरावांनी खिशातून फोन काढला, रविराजला लावला. "उद्या यायचं तर ये," ते म्हणाले. "पन पोरीला न्यायला नगं. जेवायला ये."

तुळजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आई, आता खेळू?"

"खेळ," सायली म्हणाली आणि तिला कुशीतून मोकळं केलं.

अपेक्षा उठली आणि शेळीला वळसा घालून पिंजऱ्याच्या आतल्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटली.