रकान्यातले पंधराशे बत्तीस

हनुमंतच्या पगारातून आयकर कापला गेला आणि त्याच्या गावात, मार्गासनीत, पाच किलो पेढे वाटले गेले. पण ते जाऊ द्या. असं काही झालंच नाही असं धरून चालू.

तर मार्च महिना होता, आणि हनुमंत पालीच्या वरच्या वाडीत मुलगी बघायला गेला होता. मुलीचं नाव आरती. भोरला एका ऑफिसात ती दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरायची. चहा देताना तिनं एकदाच वर बघितलं. लगेच कुणीतरी हनुमंतला गाव विचारलं, तर त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं.

आरतीचे वडील हैबतीनाना दीडशे मेंढरांचे धनी. बोलता बोलता ते कुंपणाला अडकलेली लोकर बोटांनी सोडवून खिशात घालत होते.

"पगार किती?"

"वर्साला सहा लाख," हनुमंतचा मामा चिमाजी म्हणाला. हनुमंतला विचारलेलं सगळं मामाच सांगत होता.

"पगाराची स्लिप आणा. टॅक्सचा रकाना पोरगी बघंल, मग पुढचं बोलू. मागचं वेल्ह्याचं स्थळ आमी त्या रकान्यावरनंच माघारी धाडलं."

परतीच्या वाटेवर मामानं मोटारसायकल थांबवून भाच्याला समजावलं. "अरं, पगार काय कुणीबी सांगतंय. ज्याचा टॅक्स कापत्यात, त्याचीच नोकरी खरी. वेल्ह्याच्या पोराचा रकाना कोरा असंल. तुझा बघ."

हनुमंतनं मोबाईलवर स्लिप उघडली. आयकर: शून्य.

मामानं मोबाईलची काच सदऱ्यानं पुसून परत बघितलं. शून्यच.

एप्रिलच्या एक तारखेला हनुमंत कारखान्याच्या लेखा विभागात उभा होता. कारखाना कापूरहोळच्या पुढं, पंपाचे सुटे भाग बनवणारा. लेखा विभाग म्हणजे वर्षाराणी मॅडम आणि एक पंखा.

"टॅक्स कमी करा म्हणून लोक इथं रडतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वाढवायला आलात?"

"वाढवायला न्हाई मॅडम. सुरू करायला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. तुमचा वर्षाचा पगार किती होईल याचा आम्ही अंदाज काढतो. त्यातून सूट वजा. राहिलेल्यावर वर्षाचा टॅक्स काढायचा आणि तो बारा महिन्यांत वाटून कापायचा. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत काही लागतच नाही. तुम्ही काही कळवलं नाही तर आम्ही नवीच धरतो. म्हणून शून्य."

"आन् जुनी?"

"जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंतच माफी. पण विम्याचा हप्ता, खोलीचं भाडं दाखवलंत की तुम्ही पाचाच्या खाली. परत शून्य."

"माझा विमा न्हाई."

"कँटीनमध्ये सगळ्यांना पॉलिसी दाखवत फिरत होतात की!"

"ती हरवली."

"आणि खोलीचं भाडं?"

"म्या गेटवर झोपतो."

मॅडमनी त्याच्याकडं नीट बघितलं. ताप वगैरे काही दिसेना. "एकदा जुनी पद्धत कळवली की वर्षभर मला इथं बदलता येणार नाही."

"बदलायचं कुणाला हाय?" हनुमंत म्हणाला आणि सही ठोकली.

एप्रिलअखेर स्लिप आली. आयकर: एक हजार पाचशे बत्तीस. मामानं तो आकडा तीनदा मोठ्यानं वाचला आणि डोळे पुसले. हनुमंतची आई साळूबाईनं स्लिपला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी मार्गासनीच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. गॉगल घातलेला हनुमंत, खाली मोठ्या अक्षरांत: 'आयकर कपात सुरू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मामा परिवार.' पेढे घरोघर गेले. गिरणीवाल्या सावळारामला मनातून वाईट वाटलं. त्याचा कुणी एक रुपया कापत नव्हतं.

रविवारी मंडळी टेम्पोनं वाडीत पोचली. हनुमंतनं स्लिप आरतीच्या हातात दिली. हळदकुंकवाचा डाग तिनं नखानं खरवडला आणि खालचा आकडा वाचला.

"जुनी पद्धत तुम्ही स्वतः मागून घेतलीत?"

"व्हय. भांडून घेतली."

"विमा नाही तुमचा?"

"हाय की! पर दाखवला न्हाई."

आरतीनं स्लिप आणखी एकदा वाचली, चार घड्या घातल्या आणि वडिलांकडं दिली. हैबतीनानांनी पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडली, तिचं वेटोळं करून खिशात ठेवलं, आणि मग म्हणाले, "चहा घ्या."

मामानं हनुमंतला कोपर मारलं. जमलं!

परत येताना कापूरहोळपर्यंत जाऊन मामानं दुसऱ्या फ्लेक्सची ऑर्डर देऊन टाकली. त्यावर हनुमंत आणि आरतीचे फोटो होते.

बुधवारी वर्षाराणी मॅडमच्या टेबलावर एक अर्ज आला.

'विषय: कापलेला आयकर कापलाच गेला नव्हता असे धरण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, मुलीकडील मंडळींस रकान्यात शून्य असणारा जावई हवा होता व वेल्ह्याचे स्थळही नाहक टॅक्स भरते म्हणूनच माघारी गेले होते, असा निरोप काल आला. तरी माझे पंधराशे बत्तीस रुपये सरकारने खुशाल ठेवून घ्यावेत, मात्र एप्रिलच्या स्लिपवर मागील तारखेने शून्य लिहून मिळावे, आणि सदर शून्य मी पहिल्यापासून स्वतःच्या हुशारीने राखले होते असा दाखला गोल शिक्क्यासह रविवारच्या आत देण्यात यावा, ही नम्र विनंती.'