मासे जिकडं बघायचे

एकुलती एक लेक मंदा तापानं गेली, आणि तिचे मासे सरूबाई सांभाळू लागली. बोटाच्या पेराएवढे, मिशीवाले कोरीडोरास. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले हे मासे मंदानं शहागंजच्या बाजारातून आणले होते. टाकीत बारीक वाळू, निवळ पाणी, तळाला बसणारे दाणे; सरूबाई सगळं लेकीसारखंच करायची.

पण मासे तिच्याजवळ येत नव्हते. दुपार झाली की सगळे काचेशी गोळा होऊन मंदाच्या रिकाम्या स्टुलाकडं तोंड करून थांबायचे. मंदा असताना ती त्यावर दाणे टाकायला बसली की ते असेच थांबायचे.

एकदा सरूबाईच त्या स्टुलावर जाऊन बसली. मासे हळूच वळले आणि खिडकीकडं बघू लागले. ती खिडकीशी गेली, तर ते कपाटाकडं वळले.

"मंदे, माझ्यापासून का लांब पळती गं?" ती रडत म्हणाली. "एकदा तरी जवळ ये."

मासे एकेक करून वर गेले, हवेचा घोट घेऊन खाली आले, आणि या खेपेला आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून थांबले.

आत तिचा नवरा बद्रीनाथ आजारी पडून होता. माशांचं हे वागणं तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

सरूबाई दाराकडं धावली. "मंदे, तिकडं नको! बाबाला तरी राहू दे गं मला!"

ती उंबऱ्याशी पोचायच्या आधीच आतून बद्रीनाथचा क्षीण, हरखलेला आवाज आला.

"आलीस व्हय? बस इथं. हात लई गार पडलाय गं तुझा."