मैदानाला पांघरूण

एक निळी दुलई, तिच्यावर शिडाच्या होड्या. न्हाव्याच्या दुकानातले टॉवेल. चर्चमधला लाल गालिचा. कुणाच्या तरी लग्नातला मांडव. बंद पडलेल्या हॉटेलचे पडदे.

सगळं मैदानावर. शनिवारी ऊन कललं आणि ज्युराच्या डोंगरातलं ते अख्खं गाव गवताला पांघरूण घालायला लागलं. रविवारी पंच येणार, जमिनीत टाच रोवून बघणार. टाच रुतली तर फ्रान्स कपाचा सामना इथेच. जमीन गोठलेली निघाली तर शहरातल्या स्टेडियमवर.

समोरचा संघ देशातल्या पहिल्या फळीचा. त्यात गावातल्या ओदीलचा मुलगा रेमी. त्याला चेंडूला पाय लावायला शिकवलं गावच्या संघाच्या मास्तरांनी, गास्तोंनी. चौदाव्या वर्षी शहरातल्या अकादमीत नेऊन सोडलं, तेही गास्तोंनीच. त्यानंतर रेमी या गवतावर खेळला नव्हता. गास्तोंना दुसरं काही नको होतं. एकदा. इथेच.

पेंढा मागितला तेव्हा गवळी फेलिक्स भडकला होता. "चारा मैदानाला, मग गाईंना काय पंचाची शिट्टी घालू?" म्हणून शुक्रवारी ओदील घरोघर पांघरुणं मागत फिरली. बोटं फुटेपर्यंत ती अंथरत होती.

शेवटी तिनं होड्यांची दुलई गोलापुढे पसरली.

"अगं, ही तर पोराची!" गास्तों म्हणाले. "घरी मुक्कामाला राहिला तर काय पांघरेल?"

"त्याच्यापेक्षा जमिनीला गरज आहे, मास्तर."

रविवारी पांघरुणं काढली तेव्हा गवतातून वाफ निघाली. पंच कोपऱ्याकोपऱ्यांत फिरला. गोलापुढे थांबला. टाच दाबली.

"खेळा," पंच म्हणाला.

फेलिक्सनं ओदीलला उचलूनच घेतलं. "लेकाला सांग, गोल मारलास तर सॉसेज मिळणार नाही!"

सगळे हसले. ओदीलही हसली, आणि सॉसेजची कढई पेटवायला गेली. गास्तोंनी टाय सरळ केला. फाटकापाशी जाऊन ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. वळणावर संघाची बस दिसली तसा त्यांनी टोपी काढून हात उंच केला.

रेमीला संघातून वगळल्याचा फोन ओदीलला गुरुवारीच आला होता.