गुरूवरचे एक्स-रे

“खोल श्वास घे. अजून. आता रोखून धर,” शिशाच्या काचेआडून भाऊ म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

मशीन घरघरून गप्प झालं. ताई मशीनच्या पाटीला छाती टेकवून, हनुवटी वर करून उभी. ‘सोड’ काही ऐकू येईना. गाल फुगले, डोळे बाहेर आले, चेहरा वांग्याच्या रंगावर गेला. शेवटी तिने आपल्याच हुकमाने श्वास सोडला आणि महिनाभर पिच्छा पुरवणारा खोकला परत सुरू झाला.

“मेल्या, मारतोस का काय! शाळेला सुट्टी द्यावी लागली असती माझ्यापायी.”

“सोड,” स्क्रीनकडे बघत भाऊ म्हणाला.

एकवीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द तो पहिल्यांदाच विसरला होता. एरवी त्याच्या तोंडाला शब्द कमी पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. एका पेशंटने गिळलेलं घड्याळ आपण एक्स-रेमध्ये वाचलं, त्यावरून हातातलं लावून घेतलं आणि ते अजून सेकंदभर मागे पडलेलं नाही, असं तो शपथेवर सांगे. सगळं हॉस्पिटल त्याला थापाड्या म्हणे. ताई विज्ञानाची बाई. ती त्याच्या थापांना दहापैकी गुण देई. घड्याळाला नऊ मिळाले होते.

“कसा आलाय?”

“ते डॉक्टर सांगतात. आम्हाला बोलायची परवानगी नसते. बस जरा.”

ती बसली. तो बसेना. त्याने पुसलेली पाटी पुन्हा पुसली. स्टूल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं, परत आणलं. खुंटीवरचा एप्रन काढला, तसाच अडकवला.

“ताई, गुरू ग्रहाच्या ध्रुवांवर एक प्रकाश पडतो. त्यात एक्स-रे असतात.”

“अस्सं!” ताई गुण द्यायला सरसावून बसली. “मग?”

“त्याच्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत. त्यांतून गंधक उडतं, ऑक्सिजन उडतो. त्यांचे कण चुंबकीय क्षेत्र धरून ध्रुवांवर येऊन आपटतात. लखकन उजळतं. काही मिनिटांनी पुन्हा लखकन.”

“आणि तिथलं मशीन तुझा मित्र चालवतो.”

“नाही गं. तिथे कोणी नाही.”

“बरं, तू गच्चीवरून पाहिलंस.”

“इथून कसं दिसेल? आपली हवा एक्स-रे अडवते. दुर्बीण वर अवकाशात न्यावी लागते.”

ताई वाट बघत राहिली. पुढे काहीच आलं नाही. तो पुन्हा पाटी पुसायला लागला होता.

“अरे, हे सगळं खरं आहे,” ती हळूच म्हणाली. “एवढं बोललास आणि त्यात एक थाप नाही?”

फडकं थांबलं.

“कुठे आहे?” तिने विचारलं.

“डॉक्टर सांग—” त्याने स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. डावीकडे, वरच्या बाजूला.

ताईने पर्स उचलली, चप्पल घातली. दार अर्धं उघडून ती वळली.

“घरी आईला काय सांगायचं ते तू बघ.”

“मी?”

“मग कोण? आणि हे बघ, चांगली दांडगी थाप मार. लहान मारलीस, तर तिला लगेच कळेल.”