मुलांच्या खोलीतली घंटा

दाराची पितळी मूठ गाईडकाकांच्या हातात आली आणि दार मात्र बंदच राहिलं.

व्हिक्टोरियन काळातलं ते घर आता संग्रहालय होतं. चार वर्षांपूर्वी तिथे चिटपाखरू फिरकत नसे. आता रांगा लागत, आणि ते श्रेय काकांचंच. सगळ्यात वरची ही मुलांची खोली लोकांसाठी बंद असे. आजही "पोरी, मी निघालो गं" म्हणून नव्या गाईड मुलीचा निरोप घेऊन काका मागच्या जिन्याने गुपचूप वर आले होते. काम मिनिटभराचं होतं.

पडद्यांचे रंग उडू नयेत म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. सगळ्यांचे फोन तिकीटखिडकीच्या खणात. तो नियमही काकांचाच. हंगामातली ही शेवटची फेरी. पाचला कुलूप लागलं की ते दोन महिन्यांनीच निघणार. बायको कालच भांडून माहेरी गेलेली, वर "मागे येऊ नका" असं बजावून.

काकांनी दारावर लाथा घातल्या. दार ढिम्म हललं नाही.

पलंगाशी दोरी लोंबत होती. पूर्वी मुलांनी ती ओढली की खाली स्वयंपाकघरात घंटा वाजे आणि मोलकरीण धावत वर येई. तार अजून शाबूत होती. काका तिला आठवड्याला तेल देत. मुलीची फेरी आता स्वयंपाकघरातच असणार. एकदा वाजवून कोणी येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण वाजवायचं थांबलोच नाही तर?

त्यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. हात भरून येईपर्यंत ओढत राहिले. मग भिंतीतल्या विझलेल्या शेकोटीत डोकं घातलं, कारण तिचं धुराडं थेट स्वयंपाकघरातूनच वर येत होतं.

"पोरी! मी आहे गं, काका! वर ये, दार उघड!"

मग धुराड्यातून पाहुण्यांना समजावणारा मुलीचा आवाज आला. भेदरलेला, पण शब्द इकडचा तिकडे नाही.

"घाबरू नका. वरची खोली रिकामी आहे. ही घंटा आपोआप वाजते. कधी कधी ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाकही येते. तेव्हा ओ द्यायची नाही आणि वर तर मुळीच जायचं नाही. आमच्या काकांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून पाठ करून घेतलंय."